हात दाखवा, रेल्वे थांबवा

शुक्रवार : यवतमाळ, लासीना, लिंगा, लाडखेड

यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर आणखी 76. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. सगळं वऱ्हाड या लाइनीला शकुंतला म्हणतं. आधी यवतमाळची गाडी बंद झाली, मग अचलपूरची. रूळ मात्र बहुतेक ठिकाणी अजून जमिनीत आहेत, आणि त्यांच्या कडेनं जायचं म्हणून मी यवतमाळला आतेभावाकडे उतरलो होतो. तो शाळेत भूगोल शिकवतो. मोटरसायकल त्याची, डबा आत्याचा : ज्वारीच्या भाकरी, तुरीच्या सोल्यांची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

मोठी स्टेशनं आम्हाला बघायचीच नव्हती. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर यांचे फोटो पुष्कळ निघालेत. गंजलेला डबा, त्यावर चढलेली वेल, खाली हळहळीची चार वाक्यं. आम्हाला मधली नावं हवी होती. जुन्या टाइम टेबलाच्या झेरॉक्समध्ये ती एकाखाली एक छापलेली आहेत : लासीना, लिंगा, लाडखेड, तपोना, मग दारव्हा मोतीबाग, वरुडखेड, सांगवी, सोमठाणा, मग कारंजा, पोहा, भडशिवणी, विळेगाव, किनखेड. यातल्या निम्म्या नावांसमोर उतरणारा माणूस आता दहा वर्षांत कुणी पाहिलेला नाही.

रेल्वेच्या नियमांत स्टेशनांचे वर्ग असतात. ए, बी आणि सी वर्गाच्या स्टेशनांवरून पुढच्या स्टेशनाला विचारून गाडी सोडली जाते. त्यांच्या खाली डी वर्ग. तिथं विचारायचं यंत्र नाही, अडवणारा सिग्नल नाही. यांनाच फ्लॅग स्टेशन म्हणतात. गाडी थांबवायची ती झेंडीनं, आणि सोडायची तीही झेंडीनं. शकुंतलेवर हा प्रकार फारच सोपा झाला होता, कारण एका पट्ट्यात एका वेळी एकच इंजिन सोडायचं, असा तिथला नियम. समोरून दुसरी गाडी येण्याचा प्रश्नच नाही. मग सिग्नल कशाला, आणि स्टेशन मास्तर तरी कशाला?

लासीना गावात शिरायच्या आधी लाइन रस्त्याला आडवी जाते. फाटक नाही, फक्त दोन खांबांचे बुंधे. पूर्वी गाडी इथं येऊन उभी राहायची, एक माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे सरकून पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून परत चढायचा. या लाइनीवर कितीतरी फाटकं अशीच चालली. आतेभाऊ म्हणाला, "दादा, एवढ्यात माणूस चालत पुढच्या गावाला पोचेल." खोटं नाही. गाडीचा वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास, आणि यवतमाळहून मूर्तिजापूरला जायला सहा-सात तास सहज लागत.

फाटकापासून रुळाच्या बाजूनं चालत गेलो. दोन्हीकडे कपाशीची पऱ्हाटी, मधूनमधून तूर. रुळांच्या पोटात वेडी बाभूळ इतकी माजलेली की काही ठिकाणी लाइन सोडून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जावं लागलं. थांबा कसा ओळखायचा, हे दुपारपर्यंत लक्षात आलं होतं. इमारत शोधायची नाही. फलाट असा इथं नव्हताच. रुळाच्या पातळीला मुरूम टाकून दाबलेला, कडेला घडीव दगडांची एक ओळ, आणि डब्याच्या पायरीवरून सरळ जमिनीवर पाय. त्यामुळे बघायची ती दगडांची ओळ, आणि तिच्या जवळचं मोठं झाड. शेताच्या मधोमध, धुऱ्याशी काही संबंध नसलेला जुना कडुनिंब दिसला की थांबायचं. सावलीशिवाय माणसं गाडीची वाट बघत नाहीत, आणि ही गाडी वाट बघायला लावणारी होती.

लिंग्याला झाड सापडलं. खाली एक म्हातारेबुवा बकऱ्या घेऊन बसले होते. त्यांनी आधी आम्हालाच विचारलं.

"कोठी चालले भाऊ? लाइनीनं तं आता कुत्रं बी नाई जात."

आम्ही सांगितलं, टेशन पाहायला आलो.

"टेशन? टेशन हेच. तुमी बसले तेच टेशन."

मग त्यांनी समजावलं. तिकीट खिडकी नव्हती. गाडी दिसली की हात वर करायचा. बाया पदर हलवायच्या, कुणी टॉवेल. ड्रायव्हरनं शिटी दिली म्हणजे पाहिलं. थांबल्यावर मागच्या डब्यातून गार्ड उतरायचा, तिकिटाची पेटी त्याच्याच जवळ. सगळ्यांची तिकिटं झाली, कुणाची बकरी चढली, कुणाचं गाठोडं, की तो हिरवी झेंडी दाखवायचा.

"अन् कोनी नसलं तं?"

"कोनी नसलं तं कशाले थांबंल? पन थांबाची. ड्रायव्हरले बी पानी पाह्यजे ना बाप्पा."

एसटीनं पुढे खेड्यापाड्यांत "हात दाखवा, बस थांबवा" अशी पाटी लावून योजना काढली. लिंग्याच्या माणसांना त्यात नवं काहीच वाटलं नसणार.

लाडखेडला पोचेस्तोवर ऊन उतरलं होतं. हे गाव मोठं, खुणाही जास्त : खोल्यांच्या पडक्या भिंती, एक विहीर, बाजूला रूळ बदलायच्या सांध्याचा दांडा अजून उभा. म्हणजे इथं एक जादा लाइन होती. वाघीण, म्हणजे मालाचा डबा, इथं सोडून ठेवायची, कापूस भरून झाला की परतीची गाडी तिला जोडून घेणार. जादा लाइन जिथं जिथं सापडली, तिथं जवळपास जिनाचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, किंवा कापसाच्या खळ्याचा पत्ता लागला. या रेल्वेचं बाकी सगळं गणित त्या एका पिकावरून मांडता येतं.

शनिवार : तपोना, दारव्हा मोतीबाग, वरुडखेड, सांगवी, सोमठाणा

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची, मोठी लाइन 1867 साली नागपूरला पोचली, ती वऱ्हाडातून, मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून. त्याच्या आधीची चार वर्षं, 1861 ते 65, अमेरिकेत यादवी युद्ध चाललेलं, तिकडचा कापूस बंद, आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या इकडच्या कापसाकडे डोळे लावून बसलेल्या. मोठ्या लाइनीच्या आसपासचा कापूस सहज निघून जाई. यवतमाळ, दारव्हा, अचलपूर इकडचा मात्र बंड्यांत, म्हणजे बैलगाड्यांत, भरून आणावा लागे. 1910 च्या दशकात छोटी लाइन घातली ती हा बंड्यांचा प्रवास तोडायला. किलिक निक्सन या मुंबईच्या व्यवस्थापक कंपनीनं त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली, आणि गाड्या जीआयपीनं चालवल्या. रुळांची रुंदी कमी म्हणजे भराव कमी, पूल हलके, वळणं आखूड, खर्चही तेवढाच कमी. माणसं नंतर चढली.

गमतीचा भाग असा की या लाइनीवरचं नावाजलेलं वाफेचं झेडडी वर्गाचं इंजिन 1921 साली बांधलं गेलं ते मँचेस्टरला. कापूस तिकडे, इंजिन इकडे. त्या इंजिनानं 15 एप्रिल 1994 पर्यंत नोकरी केली, मग डिझेल आलं. सत्तर वर्षांहून जास्त एकाच लाइनीवर. आमच्याकडे मास्तरांच्याही बदल्या होतात.

तपोन्याचा थांबा सापडायला वेळ लागला. उपग्रहाच्या नकाशात लाइन स्पष्ट दिसते, पण थांब्याची जागा त्यावरून कळत नाही. शेवटी एका वावरात कापूस वेचणाऱ्या बायांना विचारलं. त्यातल्या वयानं मोठ्या बाईनं कमरेची झोळी खाली ठेवली आणि स्वतः चालत येऊन जागा दाखवली. झाड नव्हतं. "होतं ना. पडलं." दगडांची ओळ होती, तिच्यावर तुरीच्या काड्यांची गंजी रचलेली. या बाईंचं माहेर दारव्ह्याकडचं. पहिल्या बाळंतपणाला त्या याच गाडीनं गेल्या होत्या.

"एसटीत उभं राहा लागे. हिच्यात निजून गेली मी. गार्डानं सोताची जागा देल्ली."

मी विचारलं, गाडी कधी चुकली होती का? त्या हसल्या. "चुकली तं पयत जाऊन धरा लागे. पोट्टे तं धरतच." चालत्या गाडीत चढण्याच्या गोष्टी आम्हाला पुढे सगळीकडे ऐकायला मिळाल्या, आणि सांगणारा प्रत्येक जण त्यातला पोट्टा आपणच होतो असं सांगत होता. उताराला लागून उतरायचं, शेतातला ऊस मोडायचा, वळणाच्या पलीकडे गाडी गाठायची. मला यातलं अर्धंच पटलं. ऊस या भागात तेव्हा एवढा नव्हता.

दारव्हा मोतीबाग हे मधलं ठाणं. इथून पुसदकडे एक फाटाही गेला होता, तो फार लवकर उखडला गेला. स्टेशनासमोर चहाची टपरी आहे, तिथं शकुंतलेचा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं : "ही लाइन अजून इंग्रजाची आहे, सरकार त्यांना दरवर्षी पैसे भरते." वर्तमानपत्रांनीही हे इतक्या वेळा छापलंय की नाही म्हणणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात. खरी गोष्ट जास्त रुक्ष आहे. 5 नोव्हेंबर 1951 ला जीआयपीची मध्य रेल्वे झाली, पण ही लाइन जीआयपीच्या मालकीची कधी नव्हतीच, ती फक्त गाड्या चालवायची. मालक असलेली खासगी कंपनी तशीच राहिली. मध्य रेल्वेनं गाड्या चालवायच्या आणि कमाईतला वाटा कंपनीला द्यायचा, असा करार वेळोवेळी वाढत गेला. किलिक निक्सनचं नाव इंग्रजी असलं तरी कंपनी पुढे भारतीयांच्या हातात आली. म्हणजे लंडनमध्ये कुणी गोरा माणूस यवतमाळच्या तिकिटांचे पैसे मोजत बसलेला नाही. पण मालक एक, चालवणारा दुसरा, यातून व्हायचं ते झालंच : दुरुस्तीवर खर्च कुणी करायचा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. खडी नाही, स्लीपर कुजलेले, म्हणून वेग कमी. वेग कमी म्हणून प्रवासी एसटीकडे, आणि प्रवासी नाहीत म्हणून खर्च कशाला?

हे मी टपरीवर बोलून दाखवलं. चहावाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पन पैसे तं देतच होते ना?"

दुपारनंतर वरुडखेड आणि सांगवी. इथं लिहिण्यासारखं कमी. वरुडखेडला मोरीच्या कठड्यावर मैलाचा आकडा कोरलेला दिसला, सांगवीला तेही नाही.

सोमठाण्याला मात्र आम्ही अंधार पडेपर्यंत रेंगाळलो. इथली लाइन थोड्या उंचीवरून जाते आणि भरावावरून दूरवरचं शिवार दिसतं. एका जागी लाइनीच्या बाजूला दगडी चौथरा आहे, आणि त्याच्यापासून गावाकडे जाणारी पांदण. पांदणीवर चाकोऱ्या खोल गेलेल्या. बंड्या इथपर्यंत येत असणार. सध्या ती पांदण चौथऱ्यापाशी येऊन संपते, पुढे कुठेच जात नाही. नुसता नकाशा बघणाऱ्याला हा रस्ता कुणी आणि कशासाठी केला, हे कळायचं नाही. आतेभावानं शाळेतल्या मुलांसाठी तिचे फोटो काढले. वाहतूक आणि वस्ती हा धडा त्याला सोमवारी घ्यायचा होता आणि त्यानं रजा टाकली होती.

रात्री कारंज्याला मुक्काम.

रविवार : कारंजा, पोहा, भडशिवणी, विळेगाव, किनखेड, मूर्तिजापूर

कारंजा लाड म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. सकाळी गुरुमंदिरात गर्दी होती. जुन्या गावाला वेशी आहेत : दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. यातल्या दोन वेशींची नावं, दारव्हा आणि पोहा, आमच्या टाइम टेबलातही आहेत. मूर्तिजापूरकडे जाताना कारंज्यानंतर पोहाच येतं. रेल्वे आखणाऱ्यांनी इथं नवी वाट शोधली नाही, जुन्या व्यापाराच्या दिशेनंच रूळ टाकले, असा माझा कयास. आतेभावाला तो तितकासा पटला नाही. त्याच्या मते पोह्याकडे चढ सौम्य आहे, एवढंच कारण.

कारंज्याच्या जवळून आता समृद्धी महामार्ग जातो. 11 डिसेंबर 2022 ला त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. गाड्या ताशी 120 नं पळतात, आणि उतरायला-चढायला ठरावीक फाटेच आहेत. त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण आहे. भडशिवणीच्या माणसाला तो लांबून दिसेल, ऐकूही येईल, पण हात दाखवून त्यावर काही थांबत नाही.

पोह्याला थांब्याच्या जागेवर कुणीतरी गोठा बांधला आहे, आणि गोठ्याची एक भिंत म्हणजे रेल्वेचीच जुनी भिंत. मालकानं आम्हाला आत बोलावून चुना लावलेला कोपरा दाखवला. "हे सरकारी आहे, आमचं नाही," असं तीन वेळा सांगितलं. आम्ही रेल्वेचे नाही, हे पटल्यावर त्यानं चहा केला. भडशिवणी आणि विळेगावचे थांबे झुडपांत आहेत. विळेगावला दगडांची ओळ सापडली, भडशिवणीला आम्ही सापडली असं मानून घेतलं. किनखेडच्या आसपास रूळ रिकामे, बाभूळ कमी, आणि एका सरळ पट्ट्यावर दोन्ही रूळ दूर जाऊन एक होताना दिसतात. इथं बसून डबा संपवला.

मूर्तिजापूरला शकुंतला मोठ्या लाइनीला मिळते. गाडगेबाबांचं गाव म्हणूनही मूर्तिजापूर ओळखलं जातं. लहानपण इथल्याच दापुऱ्यात गेलं, आणि इथं त्यांची गोशाळाही आहे. मोठ्या फलाटाच्या एका अंगाला छोट्या लाइनीचं अंगण आहे. तिथून मोठ्या लाइनीवरच्या गाड्या धाडधाड जाताना दिसतात.

गावात आतेभावाच्या ओळखीनं एक निवृत्त गार्ड भेटले. त्यांनी नाव छापू नका असं सांगितलं, म्हणून छापत नाही. शकुंतलेवर त्यांची बरीच वर्षं गेली. घरात पितळी शिटी आणि तिकिटावर भोक पाडायचा चिमटा त्यांनी अजून ठेवलाय. लिंग्याच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं सगळं त्यांनी खरं केलं, शिवाय आतून कसं चालायचं तेही सांगितलं.

थांब्यावर उतरलं की आधी मागची बाजू बघायची, कुणी पळत येतंय का. मग तिकिटं. पुठ्ठ्याची छोटी तिकिटं संपली तर कोऱ्या पावतीवर हातानं लिहून द्यायची. सुट्ट्या पैशांची बोंब कायम. ज्याच्याकडे सुटे नाहीत त्याचं नाव वहीत, पुढच्या वेळी वसूल. "एकानंही बुडवले नाहीत," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "एक-दोघांनी बुडवले." भाडं एसटीपेक्षा इतकं कमी की बुडवण्यात अर्थही नव्हता. सकाळच्या गाडीला शाळेची पोरं, दूधवाले, बाजाराच्या दिवशी पाट्या घेतलेल्या बाया. पोळ्याला, अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी. इंजिन जोडणं, सोडणं, सांधा फिरवणं, फाटक लावणं, यासाठी गाडीबरोबरच माणसं फिरायची. स्टेशनांवर कुणी नेमलेलं नसल्यामुळे सगळं स्टेशन गाडीतच बसून जायचं.

मग मी त्यांना तो प्रश्न विचारला जो सगळीकडे विचारला जातो : ब्रॉडगेज होईल का? 2016 मध्ये रेल्वेनं रुंदीकरण जाहीर केलं, निधीचे आकडे आले, समित्या झाल्या, उपोषणं झाली. ब्रॉडगेज हवी, यावर यवतमाळपासून अचलपूरपर्यंत एकमत आहे. गार्डसाहेबांचंही. पण ते पुढे म्हणाले, "ब्रॉडगेज झाली तर चांगलंच. फक्त लिंगा राहणार नाही."

मला वाटतं, या लाइनीबद्दलच्या सगळ्या चर्चेत सुटणारा मुद्दा हाच आहे. मोठ्या लाइनीला उंच आणि लांब फलाट लागतो, सिग्नल लागतात, वळणं सरळ करावी लागतात, आणि सगळा खर्च केल्यावर ताशी 100 नं जाणारी गाडी दर पाच-सात किलोमीटरला एका बाईसाठी उभी करणं कुणाला परवडत नाही. बार्शी लाइटचं काय झालं ते समोर आहे. कुर्डुवाडी-लातूरची अडीच फुटी लाइन 2008 पर्यंत रुंद झाली, आणि रुंद होताना ती येडशीजवळचा जुना घाट सोडून धाराशिवला वळवली. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळाली, हे योग्यच झालं. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी याच मार्गानं गेली. छोट्या लाइनीवर ते शक्यच नव्हतं. यवतमाळलाही वर्धा-नांदेड ही ब्रॉडगेज येते आहे, तिचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. यवतमाळला रेल्वे मिळेल. पण ती मागणी आणि लिंगा-तपोन्याची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आंदोलनाच्या फलकावर दोन्हींना एकच नाव आहे. थांबे वाचवायचे असतील तर हलकी, डब्यालाच इंजिन असलेली गाडी हवी, फलाटाशिवाय चढता-उतरता येणारी. तशी मागणी मी कुठल्या निवेदनात वाचली नाही.

गार्डसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिला गार्ड लागेल ना पण?"

सोमवार : लाखपुरी, बनोसा, अंजनगाव, पथ्रोट, अचलपूर

अचलपूरचा फाटा चालायला जास्त मोकळा आहे. मूर्तिजापूर सोडलं की पूर्णेचा खारपाणपट्टा सुरू होतो. जमीन काळी, सपाट, आणि विहिरीचं पाणी मचूळ. अशा पाण्यानं बॉयलरमध्ये क्षार बसतात, त्यामुळे वाफेच्या काळात इथं इंजिनाला पाणी कुठून द्यायचं, ही मोठी विवंचना असणार. लाखपुरीला लक्षेश्वराचं देऊळ पूर्णेच्या काठावर आहे. यात्रेच्या वेळी गाडी टपावरसुद्धा भरून यायची, असं पुजाऱ्यांनी सांगितलं. पूर्णा ओलांडली की दर्यापूर. तिथल्या स्टेशनाचं नाव मात्र बनोसा.

लेहेगाव आणि कापूसतळणी पटकन उरकलं. उन्हानं आणि मोटरसायकलच्या मागच्या सीटनं माझी पाठ धरली होती. कापूसतळणीला शाळेची मधली सुट्टी झाली होती, तिथल्या पोरांनी आम्हाला लाइन दाखवली. त्यांच्यातल्या एकानंही तिच्यावरून गाडी जाताना पाहिलेली नाही. तरी खेळताना एक जण गार्ड होता.

अंजनगावपाशी गाविलगडचे डोंगर उत्तरेला स्पष्ट दिसायला लागतात. 30 डिसेंबर 1803 ला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो याच सुर्जी-अंजनगावला. या टापूतलं खरं नवल मात्र शेतात आहे. इथं आणि पथ्रोटला पानवेलींचे मळे आहेत, आणि त्यांच्यासारख्याच सावलीत वाढवलेली पानपिंपरी. पानपिंपरी म्हणजे आयुर्वेदातली पिंपळी, वेलीवरची. बारी समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ही शेती करतात. पथ्रोटच्या थांब्याजवळच्या मळ्यात एका शेतकऱ्यानं सांगितलं, त्याचे वडील पानांच्या करंड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून गार्डाच्या डब्यात द्यायचे, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढवायला. पान नाजूक, उशीर झाला की काळवंडतं.

"मग एवढी हळू गाडी कशी चालायची?"

"हळू होती म्हनून तं. धक्का नाई लागे. अन् मळ्यापासून टेशन दोन मिनिटं."

म्हणजे एकूण वेळ त्यांनी गाडीचा धरला नव्हता, बांधापासून बाजारापर्यंतचा धरला होता. आता टेम्पो मळ्यात येतो, त्यामुळे त्यांना गाडीची उणीव मालासाठी भासत नाही. म्हातारी माणसं दवाखान्याला न्यायला भासते.

खुस्ता बुजुर्गचा थांबा आम्ही शोधला नाही. संध्याकाळ होत आली होती, आणि अचलपूरचं अंगण उजेडात बघायचं होतं. अचलपूर म्हणजे वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी, इंग्रजांचं एलिचपूर. शेजारी परतवाडा, मेळघाटाचं लाकूड उतरायचं ठिकाण. लाइन इथं संपते : रूळ एका मातीच्या ढिगात शिरतात. बाजूच्या मैदानात क्रिकेट चाललं होतं, आणि रुळापलीकडे चेंडू गेला तर चार धावा.

जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारी बरा, पावसाळ्यात काळ्या मातीत मोटरसायकल रुतते. जुन्या पुलांवर चढू नका, फळ्या आणि स्लीपर कुजलेत. पूर्णेवर तर मुळीच नको, रस्त्याच्या पुलावरून जा. लाइन बंद असली तरी जागा रेल्वेची आहे, कुणी हटकलं तर वाद न घालता बाजूला व्हावं. थांब्याची जागा विचारताना शाळेतल्या पोरांपेक्षा पन्नाशीच्या पुढच्या बायांना विचारा. पुरुष गाडीच्या गोष्टी सांगतात, बाया जागा दाखवतात. परतीला परतवाड्याहून अमरावतीला एसटी सहज मिळते.